सात ते दहा

येरवडा, पुणे
२७ डिसेंबर २०१५

प्रिय धम्मदीप,

जय भीम.

आठ महिन्यांनी फोन केलास आणि पहिलं वाक्य काय, तर ‘ताई, तुझ्याकडे अजून लेटरहेड आहे ना?’ आहे. ‘रामदास केबल नेटवर्क, जेल रोड.’ तुझे दाजी जाऊन सहा वर्षं झाली, पण नाव मी बदललेलं नाही. त्याच लेटरहेडवर लिहिते आहे. हे पहिलं पान तुझ्यासाठी, ते काढून घे. ऑफिसात दाखवायचा मजकूर दुसऱ्या पानावर आहे.

फोनवर तू एप्रिलचा विषय काढला नाहीस, म्हणून मीही काढला नाही. इथे काढते. चौदा एप्रिलला आपण जेवायला बसलो होतो आणि पूर्वाने सहज सांगितलं, की तिने दिल्लीच्या दूरसंचार नियामकाला ईमेल पाठवली आहे, माझ्या नावानेही एक पाठवली आहे. नेट पुरवणाऱ्यांनी कुठली साइट जलद आणि कुठली हळू, कुठली फुकट आणि कुठली विकत हे ठरवू नये, सरकारने तसा नियम करावा, असं त्यात होतं. त्या महिन्यात देशभरातून लाखो लोकांनी तेच पाठवलं. तू म्हणालास, ‘नेट पुरवणारे म्हणजे माझी कंपनी. तुझ्या आईला नेट तीच देते आणि तुझी आई ते घराघरांत वाटते.’ पूर्वा म्हणाली, ‘मामा, म्हणून तर पाठवलं.’ तेव्हा मी तिला गप्प करायला हवं होतं, असं तुझं म्हणणं. मी हसले. वाटीतली खीर तशीच ठेवून तू टॅक्सी बोलावलीस.

आणि आता तीच मी तुला साक्षीला हवी आहे.

येईन. वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे दर लावू द्यायचे की नाही, यावर जानेवारीत दिल्लीत सुनावणी आहे, तिथे तू मला उभी करणार. ‘तू फक्त खरं सांग, ताई,’ असं म्हणालास. त्यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? तुझ्या साहेबांना तू आधीच सांगून बसला आहेस, की माझी बहीण येरवड्यात लोकांच्या मागणीवरून काही साइट बंद ठेवते आणि लोक तिला पेढे देतात. तुझा शब्द खाली पडू नये. शिवाय तू फोन केलास. खरं कारण तेच आहे, बाकीची कारणं दुसऱ्या पानासाठी.

पान दुसरं.

मी, नंदा रामदास ओव्हाळ, येरवड्यात केबलचा व्यवसाय करते. १९९३ साली माझ्या पतीने गच्चीवर छत्री बसवून सुरुवात केली. पुढे त्याच खांबांवरून आम्ही इंटरनेटच्या तारा नेल्या. दर वर्षी फेब्रुवारीत मैत्री सोसायटी आणि आसपासच्या इमारतींतले पालक आमच्या कंट्रोल रूमवर येतात. सोसायटीचे अध्यक्ष तात्याराव पुढे असतात. दहावी-बारावीची परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळी सात ते दहा व्हिडिओच्या साइट बंद ठेवाव्यात, अशी त्यांची विनंती असते. बाकीचं नेट चालू राहतं. आमचे लाइनमन श्री. कादर शेख सातला कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ बंद करतात आणि दहाला मी चालू करते. याचे आम्ही पैसे घेत नाही. निकाल लागला की पालक पेढे आणतात आणि पास झालेल्या मुलांची नावं आम्ही आमच्या लोकल चॅनलवर फिरवतो. आजवर एकाही पालकाने तक्रार केलेली नाही.

पहिल्या पानाच्या मागे.

एक गोष्ट दुसऱ्या पानावर घातली नाही. मुलं विचारायला येतात, तेव्हा आम्ही सांगतो, की खराडीला खोदकामात मोठी केबल तुटली आहे, छोट्या लाइनवर भागवतो आहोत, व्हिडिओ चालणार नाहीत. आईबापांशी तसं ठरलेलंच असतं. कागदावर ते बरं दिसलं नसतं. तुझ्या साहेबांना तोंडी सांग, हसतील.

ताई


५ जानेवारी २०१६

प्रिय धम्मदीप,

मजकूर आवडला हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या वकिलांना आता पालकांच्या सह्या हव्यात, आणि प्रत्यक्ष बंद करणारा म्हणून कादरभाईंचीही सही हवी. वकिलांचं समाधान होणं अवघड, हे मला दाजींच्या विम्याच्या वेळी कळलं होतं.

पालकांच्या सह्या तात्यारावांनी एका संध्याकाळी गोळा केल्या. कागद आणून दिला आणि खुर्चीवर ऐसपैस बसले.

‘नंदाबाई, आता दिल्लीत आपलं नाव निघणार म्हणायचं.’

‘नाव निघालं तर माझं निघेल, तात्याराव. तुमची सही आहे.’

‘अहो, कल्पना कोणाची होती?’

कल्पना त्यांचीच होती, खरं आहे. त्यांचा धाकटा दहावीला होता त्या वर्षी आले होते, डोळे सुजलेले. पोरगा ऐकत नाही, तुम्हीच काहीतरी करा म्हणाले. मी केलं. पोरगा आता बँकेत आहे. तेव्हापासून तात्याराव मला भेटले की नमस्कार आधी करतात.

कादरभाईंची सही मात्र होत नाही. शुक्रवारी म्हणाले, ‘वहिनी, उद्या करतो.’ शनिवारी चष्मा घरी राहिला होता. आज म्हणाले, खांबावर चढायचं आहे, हात ग्रीसने भरलेत. कादरभाई तुझ्या दाजींच्या बरोबर पहिल्या दिवसापासून आहेत, गच्चीवरची पहिली छत्री दोघांनी मिळून चढवली. कधी मला नाही म्हणाले नाहीत. आताही म्हणत नाहीत. नाही म्हणाले असते तर निदान कारण विचारता आलं असतं.

दुपारपासून मी सारखी उठते आहे आणि बसते आहे. पगाराचं म्हणावं तर दिवाळीला वाढवला. त्यांची आयेशा मागच्या वर्षी बारावीला फिजिक्समध्ये राहिली, आता फेब्रुवारीत पुन्हा बसते आहे. तेच त्यांच्या डोक्यात असेल. हुशार मुलगी आहे. फिजिक्स सगळ्यांनाच जड जातं, तुलाही गेलं होतं.

त्यांच्या सहीशिवाय चालत असेल तर कळव. चाललं तर बरं.

ताई


१० जानेवारी २०१६

धम्मदीप,

कादरभाईंच्या घरी गेले होते. त्यांनी सही केली नाही, आणि मीही पर्समधून कागद बाहेर काढला नाही. का, ते लिहिते. फोन केला असता तर तू मधेच ‘हो, पण’ म्हणाला असतास.

आज रविवार, म्हटलं घरीच गाठावं. रझियाने चहा टाकला. आयेशा कॉटवर बसून वडिलांच्या फोनवर काहीतरी बघत होती. कोणी प्राध्यापक फळ्यावर भिंग काढून त्यातून जाणारे किरण दाखवत होते.

मी म्हटलं, ‘वा, फोनमध्येच कॉलेज आलं की.’

ती म्हणाली, ‘मावशी, खऱ्या कॉलेजात सरच नव्हते. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर फिजिक्सचे सर सोडून गेले, दुसरे आलेच नाहीत. क्लासची फी तुम्हाला माहितीये. हे सर मस्त शिकवतात, अख्खा पोर्शन आहे. फक्त मागच्या वेळी माझं नशीबच खराब. ऐन परीक्षेत खराडीला केबल तुटली.’

रझिया चहा गाळत होती. पातेलं रिकामं झालं तरी तिने गाळणीवर तसंच धरून ठेवलं होतं.

आयेशाला यातलं काही माहीत नाही, म्हणून ती बोलत राहिली. फोन घरात एकच, वडिलांचा, तोही घरच्या कनेक्शनवर चालणारा. दिवसभर तो त्यांच्याबरोबर खांबाखांबावर. सातनंतर ते घरी येणार, मग फोन तिला मिळणार. आणि सातपासूनच व्हिडिओ बंद, दहाला घरातले दिवे बंद. ‘मी अब्बांच्या मागे लागायचे, तुम्ही लाइनमन ना, मग जोडा ना केबल. अब्बा म्हणायचे, उद्या.’

ती हसली. बापाची थट्टा करत होती. कादरभाई खिडकीतून बाहेर बघत होते.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. मी विचारलं, ‘मला सांगितलं का नाहीत?’

‘काय सांगू, वहिनी? एवढ्या घरांनी मिळून मागितलं होतं. माझ्या एका घरासाठी बंद करू नका म्हणू?’

‘म्हणायचं.’

‘मग लोक म्हणाले असते, कादरला पोरांचा अभ्यास नको आहे.’ थोडं चालल्यावर म्हणाले, ‘पहिल्या दिवशी मलाही माहीत नव्हतं ती त्यावर शिकते. मलाही वाटायचं, व्हिडिओ म्हणजे टाइमपास. ती म्हणाली नेट चालत नाही, आणि सगळ्यांना सांगायचो तेच माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा सांगितलं की मग रोज तेच सांगावं लागतं.’

‘तुमच्या घरचं एक कनेक्शन चालू ठेवायचं होतं. तुमच्याच तर हातात होतं.’

‘ठेवलं असतं. आणि तात्यारावांना कळलं असतं, की लाइनमनच्या घरी चालू आणि आपल्याकडे बंद. तुम्ही काय केलं असतं मग?’

त्याचं उत्तर तुला देते. मी त्यांच्या घरचंही बंद करायला लावलं असतं, आणि सगळ्यांना सारखा नियम म्हणून पाठ थोपटून घेतली असती.

व्हिडिओ म्हणजे अभ्यास नाही, हे आम्ही चहा पिता पिता ठरवलं होतं. कोणाला विचारलं? ज्यांना क्लास परवडतो त्यांना. त्यांची मुलं सात ते दहा क्लासच्या वह्या घेऊन बसत होती.

निकालानंतर चॅनलवर नावं फिरवली तेव्हा आयेशाचं नाव नव्हतं. पट्टी मीच तयार केली होती. तेव्हा मला काही वाटलं नाही.

मला दिल्लीला येता येणार नाही. दुसरं कोणी बघ.

ताई


१६ जानेवारी २०१६

प्रिय धम्मदीप,

काल तू फोनवर बराच वेळ बोललास आणि मी ‘हं’ म्हणत राहिले. ‘हं’ म्हणजे पटलं असं नाही. बसून विचार केला तो असा.

तू म्हणालास, एका मुलीवरून मी सगळं तोलते आहे. मग म्हणालास, तिच्यासाठीच तर तुमची कंपनी ‘परीक्षा पॅक’ काढते आहे. निवडलेल्या अभ्यासाच्या साइट फुकट, बाकी सगळं बंद. देशभरात. ‘ताई, तुझ्याच सात ते दहावरून सुचलं आहे मला. साहेबांनी माझ्यावर सोपवलं आहे ते.’ तुझ्या आवाजात जे होतं, ते तुला स्कॉलरशिप मिळाल्याचं सांगितलं होतंस त्या दिवसानंतर मी ऐकलं नव्हतं.

मग मी विचारलं, ते भिंग काढणारे सर तुमच्या निवडीत आहेत का.

‘ज्या कंपन्यांशी करार होतील त्या येतील.’

‘म्हणजे नाहीत.’

‘ताई, निवड म्हटली की कोणीतरी बाहेर राहणारच.’

आणि शेवटी जे म्हणालास ते मला अजून टोचतं आहे. म्हणालास, जिच्या हातात काहीच नाही तिला निदान थोडं तरी मिळू दे. मिळालं तर सगळं, नाहीतर काही नको, हा हट्ट ज्यांना सगळं विकत घेता येतं त्यांना परवडतो. पूर्वाला परवडतो, आयेशाला नाही. याचं उत्तर माझ्याकडे आजही पुरतं नाही. तू काही खोटं बोलत नाहीस, हीच माझी अडचण आहे.

पण धम्मदीप, आपल्यालाही थोडंच मिळत होतं. आपल्या वस्तीच्या नळाला पाणी किती वेळ सोडायचं ते दुसरेच ठरवायचे, आणि तेही मिळतंय ना, असंच म्हणायचे. ते लोक वाईट नव्हते. काहीजण आईची चौकशीही करायचे.

पुरे. काल रात्रभर कूस बदलत होते, आज सकाळी तुझं विमानाचं तिकीट फोनवर आलं. साहेबांना तू नाव देऊन बसला आहेस, आता बहीण आली नाही तर तुझं काय होईल, हे तू न बोलताच मला ऐकू आलं. येते. पूर्वा विचारत होती, ‘आई, तू कोणाच्या बाजूने बोलणार?’ म्हटलं, माझी सीट खिडकीच्या बाजूला आहे, सध्या तेवढंच कळलंय.

‘खरं सांग, याशिवाय मी काही मागत नाही,’ असं तू पुन्हा म्हणालास. तेवढं मी करीन.

तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली आहे. विमानात नेऊ देतात ना?

ताई


२३ जानेवारी २०१६

प्रिय धम्मदीप,

पोचले. तुझ्या कंपनीचा ड्रायव्हर भला माणूस होता. विमानतळावर माझी बॅग उचलायला तोच खाली उतरला.

तू सभागृहात माझ्या बाजूला बसला होतास, पण मी उभी राहिल्यावर समोरच्या कागदांकडे बघत होतास. अर्धं तरी ऐकलंस की नाही कोण जाणे. म्हणून काय बोलले ते लिहिते. हिंदीत बोलले, तुटकमुटक, इथे आपल्या भाषेत.

तू सांगितलेलं सगळं सांगितलं. पालक येतात, विनंती करतात, आम्ही पैसे घेत नाही, पेढे येतात. तुझे साहेब मान हलवत होते. सह्यांचा कागद मी पुढे दिला. मग आयेशाचं सांगितलं, नाव न घेता. एवढ्यावर थांबले असते तरी तू मला माफ केलं असतंस. पण खरं अजून संपलं नव्हतं.

मी म्हणाले, मी वाईट बाई नाही. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच बंद केलं. मी कंट्रोल रूममध्ये बसते, कोणाच्या घरात कोण काय शिकतं आहे ते मला दिसत नाही, आणि दिसू पण नये. अभ्यास कशाला म्हणायचं हे मी एका गल्लीपुरतं ठरवलं, तर एका मुलीचं वर्ष गेलं. तेही मला कळलं कारण ती माझ्या माणसाची मुलगी होती. ही कंपनी देशासाठी ठरवेल, तेव्हा कोणाचं काय गेलं हे तिला कोण सांगणार? वाईट हेतूने करणाऱ्याला लोक अडवतात, त्याच्याशी भांडतात. माझ्याशी कोण भांडणार? मला तर पेढे देतात. म्हणून नियम पाहिजे. दुसऱ्यांसाठी नाही, माझ्यासाठी पाहिजे. मला अडवा.

मागच्या रांगेत नियम मागायला आलेल्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलं नाही. त्यांना वाटलं मी तुला हरवलं.

बाहेर व्हरांड्यात तू म्हणालास, ‘एवढंच करायचं होतं तर पुण्यातूनच ईमेल करायची होतीस. पुन्हा.’ आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेलास. माझे गुडघे तुला माहीत आहेत.

चटणी परत आली. मीच खाते आहे.

तुला बोलायचं असेल ते बोल. पण खरं सांग, असं तूच म्हणाला होतास, मग त्यातलं किती हवं होतं तेही सांगायला हवं होतंस.

ताई


१५ फेब्रुवारी २०१६

प्रिय धम्मदीप,

गेल्या सोमवारी नियम आला. काय बघता यावरून वेगवेगळे दर लावायचे नाहीत. पूर्वाने घर डोक्यावर घेतलं, तिच्या मैत्रिणी आल्या, केक आणला. मी एक तुकडा खाल्ला. तू तिला मेसेज केला होतास, परीक्षा पॅक बंद झालं आणि तुला दुसऱ्या विभागात टाकलं. तो तिने मला दाखवला नाही, वाचून दाखवला. मधलं एक वाक्य गाळलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ते माझ्याबद्दल असणार. राहू दे.

मग मी पूर्वाला तो नियम पुरता समजावून सांगायला लावला. तो दराबद्दल आहे. फुकट काय आणि विकत काय, एवढंच. हळू आणि जलद, चालू आणि बंद, याबद्दल अजून काही ठरलेलं नाही. मी पैसे कुठे घेत होते? म्हणजे दिल्लीला जाऊन भरसभेत ‘मला अडवा’ म्हणून आले, आणि मला अजून कोणीच अडवलेलं नाही. काल तात्याराव पालकांना घेऊन आले तेव्हा माझ्याकडे दाखवायला कायदा नव्हता.

‘नंदाबाई, गुरुवारपासून बारावी. यंदाही सात ते दहा ना?’

मी म्हटलं, ‘यंदा नाही.’

मग सांगितलं, की प्रत्येकाच्या घरात राउटर आहे, त्यावर आपापल्या घरापुरती वेळ लावता येते. कादरभाई घरोघरी येऊन दाखवतील. ज्याला बंद हवं त्याने करावं, ज्याला नको त्याने करू नये.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमला आहेत ना, शिवणाचं दुकान आहे त्यांचं, त्या म्हणाल्या, ‘ते आम्हालाही येतं हो. पण आम्ही बंद केलं की पोरगा आमच्याशी भांडतो. तुम्ही बंद केलं की केबलला शिव्या घालतो. घरात शांतता राहते.’

सगळे हसले, मीही हसले. इतकी वर्षं आम्ही अभ्यास वाटत होतो असं मला वाटायचं, आणि लोक शांतता घेऊन जात होते.

तात्याराव हसले नाहीत. ‘आमच्या सह्या घेऊन दिल्लीला गेलात आणि तिथे उलटं बोलून आलात, असं ऐकतो.’

‘सह्या जशाच्या तशा दिल्या. बोलले ते माझं होतं.’

‘मग आता आम्ही जायचं कोणाकडे?’

‘पोराकडे जा, तात्याराव. शेजारच्या खोलीत असेल.’

ते उठले. दारात म्हणाले, दुसऱ्या कंपन्या आहेत, पूर्ण सोसायटी एका दिवसात बदलता येते. करतील. माझ्यावर पाच माणसांचे पगार आहेत. आयेशाचं नाव सांगितलं असतं तर कदाचित अर्धे वळले असते. कादरभाई तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन तिथेच उभे होते. मी नाव घेतलं नाही.

सगळे गेल्यावर ते म्हणाले, ‘वहिनी, पोरीला सांगून टाकलं मी. खराडीला केबल कधी तुटलीच नव्हती म्हणून.’

‘काय म्हणाली?’

‘काहीच नाही. दोन दिवस माझ्या फोनला हात लावला नाही. मग आज सकाळी म्हणाली, अब्बा, परीक्षा होईपर्यंत जरा लवकर येत जा.’

ते आता साडेपाचला जातात. त्यांच्या राहिलेल्या तक्रारी मी बघते. शिडीवर नाही चढत, घाबरू नकोस.

ताई


६ मार्च २०१६

प्रिय धम्मदीप,

मैत्री सोसायटीतली बरीच घरं गेली. तात्यारावांनी दुसऱ्याच कंपनीचं कनेक्शन घेतलं, तुझ्याही नाही, त्यात मला थोडं समाधान वाटलं. प्रेमला राहिल्या. रोज संध्याकाळी वरून पोराचा आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. काल मात्र त्या खाली येऊन म्हणाल्या, पोराने राउटरवर बंदची वेळ स्वतःच आठ ते नऊ लावून घेतली. एक तासावर तोडगा निघाला. आता मुलीच्या वेळेवरून भांडण चालू आहे.

सात वाजले की मी अजून खुर्चीतून उठते. काही करायचं नसतं. कॉम्प्युटरवर सगळ्यांचा वापर वर चढताना दिसतो, आणि हात शिवशिवतो. कोणीतरी नक्की फालतू काहीतरी बघत बसलं आहे, आणि उद्या त्याचा गणिताचा पेपर आहे. बंद केलं तर त्याचं भलंच होईल. हे मला रोज वाटतं. तुला वाटायचं ते मला कळतं, एवढंच सांगायचं होतं. तू कंपनीचा माणूस म्हणून ते पॅक काढत नव्हतास. माझा भाऊ म्हणून काढत होतास.

आयेशाचा फिजिक्सचा पेपर झाला. कादरभाईंना विचारलं, कसा गेला? ‘अवघड होता म्हणते.’ मग ते म्हणाले, ‘असू दे, वहिनी. या वेळी नेट चालू होतं. आता जे होईल ते तिचं.’

निकाल मेअखेर. पट्टी मी करणार नाही, पूर्वा करणार आहे.

पूर्वाकडून कळलं, की पुढच्या आठवड्यात तू नव्या विभागाच्या कामाला पुण्यात येतो आहेस आणि कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात उतरणार आहेस. उतर. तिथून येरवडा पूल ओलांडला की आपलं घर आहे, पण ते तुला सांगायला नको. भांडायचं असेल तर ये. नसेल भांडायचं तरी ये, जेवणाला तूर डाळ आणि वांगं असेल, गोड काही करणार नाही.

हॉटेलात नेट फुकट असतं, मला माहीत आहे. आमच्याकडे फुकट नाही, पण चालू आहे.

ताई